नवा संघ, नवा बचाव आणि तिशी ओलांडलेला लाइनमन

रात्रपाळी

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये दर मार्चमध्ये मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो आणि दरवर्षी तेच वाक्य ऐकू येतं : "माणूस चांगला आहे हो, पण तो ४-३वाला आणि हे खेळतात ३-४. बसेल का?" (४-३ म्हणजे बचावात पुढच्या रांगेत चार लाइनमन आणि त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर; ३-४ म्हणजे उलट.) उत्तरंही ठरलेली. एक म्हणतो, अनुभवी आहे, घेईल जमवून. दुसरा म्हणतो, म्हातारा बैल नवं जू मानेवर घेत नाही.

दोघांकडेही पुरावा आहे. कलेअस कॅम्पबेल नऊ मोसम ॲरिझोनात ३-४चा एंड, म्हणजे रांगेच्या टोकाचा लाइनमन, म्हणून खेळला. तिथे एका मोसमात त्याचे जास्तीत जास्त ९ सॅक झाले (सॅक म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं). २०१७मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो जॅक्सनव्हिलच्या ४-३मध्ये गेला आणि त्याच वर्षी १४.५ सॅक काढले, त्यातले ४ ह्यूस्टनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात. उलट टोकाला अल्बर्ट हेन्सवर्थ. टेनेसीकडून २००७ आणि २००८ लागोपाठ ऑल-प्रो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड. २००९मध्ये वॉशिंग्टनने ७ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार दिला. २०१०मध्ये नवे प्रशिक्षक माइक शॅनाहन आणि जिम हॅस्लेट यांनी तिथे ३-४ आणलं आणि डिसेंबरात हेन्सवर्थ उरलेल्या चार सामन्यांसाठी निलंबित होऊन घरी बसला.

जमेल की नाही यावर पैजा लावायला बाकीचं इंटरनेट पडलंय. इथे एवढंच हवंय की चेंडूसमोर हात टेकून बसणाऱ्या माणसाला नक्की काय बदलावं लागतं : पाऊल, हात, नजर, वजन, शब्द, जे काही असेल ते. अगदी मुळापासून सांगितलं तरी चालेल, नवे वाचकही आहेत.

खडाखडी

मुळापासूनच घेऊ, कारण घोळ तिथेच आहे. ४-३ आणि ३-४ हे आकडे एवढंच सांगतात की पुढे किती जण लाइनवर आहेत आणि मागे किती लाइनबॅकर. लाइनमनचं काम त्यातून कळत नाही. त्याला विचारायचा प्रश्न एकच : बाबा रे, तुझ्या वाट्याला फट एक की दोन?

समोरचे पाच लाइनमन (मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल) आणि त्यांची दोन टोकं मिळून सहा फटी होतात. टाइट एंड (टोकाला उभा राहून वाटही अडवणारा, झेलही घेणारा) येऊन जोडला की सात. सेंटरच्या दोन्ही अंगांना ए गॅप, गार्ड आणि टॅकलच्या मध्ये बी, टॅकलच्या बाहेर सी, टाइट एंडच्या पलीकडे डी. बचावाचा लाइनमन कुठे बसतो त्याचाही आकडा असतो, त्याला टेक्निक म्हणतात. सेंटरच्या नाकासमोर ०, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर ३, टॅकलच्या आतल्या खांद्यावर ४-आय, बाहेरच्या खांद्यावर ५, टाइट एंडच्याही बाहेर ९. ही पद्धत बम फिलिप्स यांच्या नावावर सांगितली जाते.

एका फटीचा खेळ म्हणजे मुसंडी. पाय पुढेमागे, भार टेकलेल्या हातावर, ढुंगण खांद्यांपेक्षा किंचित वर, नजर चेंडूवर. चेंडू हलला की पहिलं पाऊल जेमतेम सहा इंचांचं, फटीच्या दिशेने. दुसरं पाऊल पडतं तेव्हा खांदा फटीच्या आत असला पाहिजे. ब्लॉकरचा, म्हणजे वाट अडवणाऱ्या समोरच्या माणसाचा, अर्धाच भाग तुमचा, दुसऱ्या अर्ध्याची काळजी दुसऱ्याने करायची.

दोन फटींचा खेळ म्हणजे ठाण. समोरच्याच्या बरोबर समोर बसायचं, पाय जवळपास समांतर, हातावर भार इतका कमी की कुणी हात काढून घेतला तरी तोंडावर आपटू नये. नजर चेंडूवर नसते. ती समोरच्याच्या हेल्मेटवर आणि गळ्याखालच्या त्रिकोणावर. पहिलं पाऊल आखूडच, पण त्याच क्षणी दोन्ही तळहात त्याच्या छातीच्या पॅडवर बसले पाहिजेत, अंगठे वर, कोपरं बरगड्यांना लागून. मग कोपरं सरळ करून त्याला हातभर लांब धरायचं. त्याचं डोकं ज्या बाजूला सरकतं, बहुतेक वेळा चेंडू त्या बाजूला निघालेला असतो. धावणाऱ्याने एक फट निवडली की ब्लॉकरला दुसऱ्या बाजूला झटकायचं आणि त्या फटीत जायचं. हे सगळं दीड-दोन सेकंदांत.

आता दहा वर्षं मुसंडी मारलेल्याला ठाण मांडायला सांगा. सरावात जमतं. सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला दम लागला की येरे माझ्या मागल्या. तो आत घुसतो, गार्ड त्याला खुशाल जाऊ देतो, वर पाठीत एक ढकलून आणखी आत पाठवतो आणि त्याने वाऱ्यावर सोडलेल्या फटीतून धावणारा पार. टीव्हीवर दिसतं काय, तर लाइनबॅकर भलत्याच जागी उभा. त्या बिचाऱ्याने ती फट लाइनमनने धरलीय असं मानूनच दुसरीकडे पाऊल टाकलेलं असतं. समालोचकही त्याच्याच नावाने खडे फोडतात.

उलटा प्रवास सोपा वाटतो, तोही तितका नाही. ठाणवाला आधी वाचतो, मग निघतो. या अर्ध्या क्षणात गार्ड आडवं पाऊल टाकून त्याच्या बाहेरच्या खांद्यापलीकडे डोकं काढतो. याला रीच ब्लॉक म्हणतात. डोकं पलीकडे गेलं की फट बंद. मग कितीही ताकद लावा, चुकीच्या बाजूने लावताय.

चौथा डाउन

खडाखडींशी सहमत, एक भर घालतो. "३-४ म्हणजे दोन फटी" हे समीकरणही चुकीचं आहे. बम फिलिप्स यांचे चिरंजीव वेड फिलिप्स आयुष्यभर ३-४ शिकवत आले आणि त्यांचं ३-४ एका फटीचं. तिथे नोज टॅकलसुद्धा (बचावाचा मधला, सेंटरसमोरचा लाइनमन) सेंटरच्या एका खांद्यावर सरकून बसतो आणि थेट ए गॅपमध्ये घुसतो. जे. जे. वॉट ह्यूस्टनमध्ये त्यांच्याच हाताखाली घडला.

म्हणून एन्डामुकन सू २०१८मध्ये रॅम्समध्ये, वेड फिलिप्स यांच्याच हाताखाली, आला तेव्हा कागदावर बदल मोठा दिसत होता. कारकीर्दभर ४-३चा ३-टेक्निक, आता ३-४ आणि बऱ्याचदा नोज. प्रत्यक्षात पावलांचं काम जवळपास तेच राहिलं, फक्त बसायची जागा दीड-दोन फूट आत सरकली. त्रास झाला तो दुसऱ्या गोष्टीचा : सेंटरजवळ बसलं की दोघे मिळून अंगावर येण्याचं प्रमाण वाढतं आणि ते दोन्हीकडून येऊ शकतात. ३-टेक्निकला डबल टीम बहुधा एकाच बाजूने येते, गार्ड आणि टॅकलची. नोजला डावा गार्ड की उजवा, हे चेंडू हलेपर्यंत कळत नाही.

डबल टीमवर अनुभवी माणूसही चुकतो, कारण जुन्या संघात त्याला "फोड आणि आत जा" शिकवलेलं असतं. नव्या संघात सांगतात, फोडू नकोस, धरून ठेव. दुसऱ्या ब्लॉकरचा नितंब अंगाला लागला की त्या बाजूचा गुडघा खाली आणायचा, खांदा त्याच्या मांडीत रुतवायचा आणि ढीग करायचा. एक यार्डही मागे जायचं नाही. मोजमाप असं की त्या दोघांपैकी एकालाही मागच्या लाइनबॅकरपर्यंत वेळेत पोचू दिलं नाही तर काम झालं. आकडेवारीत याचं शून्य येतं. पाडलेला धावणारा (यालाही टॅकलच म्हणतात) नाही, सॅक नाही. मग उरलेले म्हणणार, संपला बहुतेक.

हेन्सवर्थबद्दल नंतर लिहितो, त्याचं खापर नुसतं पद्धतीवर फोडणं मला पटत नाही.

निशिगंधा

पावलं-हात झालं, आता कॅलेंडर. याकडे कुणी बघत नाही आणि खरी अडचण इथेच असते.

नवा संघ, नवी पद्धत. शिकायला वेळ किती? एप्रिल ते जून असा नऊ आठवड्यांचा ऐच्छिक कार्यक्रम असतो. पहिले दोन आठवडे व्यायाम आणि वर्ग. पुढचे तीन मैदानावर, पण चालत्या गतीची कवायत. शेवटच्या चारांत मिळून जास्तीत जास्त दहा पूर्ण संघाचे सराव. या सगळ्यात खांद्याचे पॅड नाहीत आणि प्रत्यक्ष भिडणं नाही. पॅड चढतात जुलैअखेरच्या कॅम्पमध्ये, तेही सुरुवातीचे काही दिवस सोडून. मोसम सुरू झाला की नियमित सामन्यांच्या पूर्ण काळात पॅडचे सराव फक्त १४, आणि त्यातले ११ पहिल्या अकरा आठवड्यांत उरकायचे.

याचा अर्थ लावा. एका फटीचं काम, म्हणजे सुटणं, कोन, पाऊल, हे पॅडशिवाय बऱ्यापैकी शिकता येतं. दोन फटींचं काम हातांचं आहे. समोर १४० किलोचा माणूस खरोखर ढकलत असल्याशिवाय कोपरं सरळ कधी करायची, झटकायचं कधी, हे कळतच नाही. म्हणजे ज्याला ठाण शिकायचंय त्याच्या हाती ऑगस्ट आणि पुढे आठवड्याला जेमतेम एक दिवस. तिशीनंतरच्या खेळाडूला बरेच प्रशिक्षक सरावातून एखादा दिवस सूट देतात, शरीर टिकावं म्हणून. नव्या पद्धतीत ही सूट घेतली तर तोटा दुप्पट. यावर हमखास इलाज दिसत नाही. एकच चांगली वाट आहे : सूट पॅड नसलेल्या दिवशी घ्यावी, पॅडच्या दिवशी नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. हेल्मेटमधला रेडिओ मैदानावरच्या बचावात एकालाच मिळतो, हिरव्या ठिपक्याचं हेल्मेट, बहुधा मधला लाइनबॅकर. २००८पासूनचा नियम. प्ले क्लॉकवर (पुढचा डाव सुरू करायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तोही बंद. त्यामुळे लाइनमनला सगळं ओरडून किंवा खुणेने मिळतं. उजवीकडे-डावीकडे यासाठी इंग्रजी आर आणि एल अक्षरांनी सुरू होणारे शब्द बहुतेक ठिकाणी चालतात : रिप-लिझ, रॉजर-लॅरी. ते ठीक. पण "ताकदीची बाजू" कुठली, यावर प्रत्येक संघाचा वेगळा नियम. कुठे टाइट एंडची, कुठे रिसीव्हर (पास झेलणारे) जास्त तिकडची, कुठे मैदान जास्त मोकळं तिकडची. जुन्या नियमाने बसलेला लाइनमन एक जागा चुकतो आणि त्याच्या शेजारच्यालाही चुकवतो. नवखा मुलगा शब्द विसरतो म्हणून गोंधळतो. अनुभवी माणसाला शब्द आठवतो, पण अर्थ जुन्या घरचा. दुसरं जास्त वाईट, कारण तो गोंधळलेला दिसत नाही.

शिवाय काही संघ एंडला कायम डावा किंवा कायम उजवा ठेवतात, काही संघ ताकदीच्या बाजूप्रमाणे इकडून तिकडे पाठवतात. आठ वर्षं डावा हात टेकलेल्याला उजवा टेकायला लावलं की पहिलं पाऊल, पुढचा पाय, मारायचा हात, सगळं आरशातलं. ही सवय मोडायची तर एप्रिलपासूनच रोजच्या कवायतीतले निम्मे स्टार्ट दुसऱ्या हाताने घ्यावे लागतात.

टोळभैरव

एवढं सगळं वाचून मीच तीन बोटं टेकून बसलो, मांडीत गोळा आला.

वजनाचं सांगा कुणीतरी. ४-३चा एंड ३-४मध्ये टॅकलसमोर बसवायचा तर खायला घालून जाडा करतात ना?

खडाखडी

@टोळभैरव, करायचे. आता कमी झालंय. ढोबळ मापं : ४-३चा एंड साधारण १२० ते १२५ किलो, टॅकलसमोर ठाण मांडणारा ५-टेक्निक १३० ते १३६, नोज १५०च्या आसपास. कॅम्पबेलला बदल सोपा गेला त्याचं एक कारण हेच. तो ६ फूट ८ इंच आणि सुमारे १३६ किलो. वजनाला हात न लावता दोन्ही जागा खेळू शकत होता.

तिशीनंतर चार-पाच किलोच्या वर फरक करू नये, आणि करायचाच तर फेब्रुवारी-मार्चपासून हळूहळू. कॅम्पच्या तोंडावर चढवलेलं वजन पोटावर बसतं आणि भार गुडघा-घोट्यावर येतो. उतरवणाऱ्यांची चूक वेगळी : वजन उतरतं पण डबल टीमसमोर बूड टिकत नाही. तराजूपेक्षा मागच्या टाचेकडे बघावं. दोघे अंगावर आले की ती टाच उचलली जाते का? उचलली जात असेल तर वजन कमी पडतंय किंवा पाय फार पुढेमागे आहेत.

हातांचं राहिलं. मुसंडीवाल्याचे खांदे आणि पाठ झिजते, ठाणवाल्याची बोटं. जर्सीत, पॅडच्या कडेत अडकून बोटं मुरगळतात, निखळतात. म्हणून शेजारशेजारची दोन बोटं एकत्र टेप करतात, तळहाताला जाड पॅडचे लाइनमनचे ग्लव्ह्ज घालतात. जर्सी अंगाला इतकी घट्ट की समोरच्याला चिमटीत धरायलाही कापड मिळू नये.

कवायतीही बदलतात. मुसंडीसाठी काठीच्या टोकाला बांधलेला चेंडू हलला की सुटायचं, पाच यार्ड, आठ-दहा वेळा. ठाणासाठी गुडघे, चवडे आणि हात सगळं जमिनीला टेकवून स्लेडवर (पॅड लावलेल्या ढकलगाडीवर) फक्त हात आणि कंबर मारायची, पाय वापरायचे नाहीत. दहा वर्षं पायांच्या वेगावर जगलेल्या माणसाला ही कवायत शिक्षा वाटते. पण कंबर उघडायला दुसरा मार्ग नाही. पाय मोकळे सोडले की तो धावत जाऊन धडकतो आणि त्याला वाटतं, मारलं.

कट्ट्यावरचा

चर्चा उत्तम, पण सगळे जण २००५मध्ये राहताय असं वाटतंय. आज बहुतेक स्नॅप्सना (चेंडू हलून सुरू होणाऱ्या प्रत्येक डावाला) मैदानावर पाच किंवा सहा डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे मागे राहून पास अडवणारे, असतात. निकेल, म्हणजे पाच बॅकची मांडणी, आलं की ३-४वालेही चौघांना पुढे लावतात आणि ४-३वालेही. मग त्या मूळ आकड्यावर एवढं का घासायचं?

कॅम्पबेलचेच बघा. जॅक्सनव्हिलमध्ये पहिल्या-दुसऱ्या डाउनला (पुढे सरकायच्या चार प्रयत्नांपैकी पहिल्या दोनांना) तो बाहेरचा मोठा एंड होता. पासची वेळ आली की आत बचावाच्या टॅकलच्या जागी आणि बाहेर यानिक एन्गाकवे, दांते फाउलर यांच्यासारखे हलके, वेगवान. ६ फूट ८ इंचाच्या माणसासमोर गार्ड, म्हणजे त्यातल्या त्यात आखूड हातांचा माणूस, आणि दोन्ही बाजूंना वेग असल्याने त्याच्यावर दोघे पाठवायची सोय नाही. १४.५ सॅकचं गणित तिथे आहे. त्याने जे बदललं त्यापेक्षा संघाने त्याला कुठे उभं केलं ते मोठं. त्या वर्षी संघाचे ५५ सॅक होते, एकट्याचे नव्हेत.

पुढे २०२०मध्ये तो बॉल्टिमोरला गेला, पुन्हा जड काम. त्या मोसमात ४ सॅक, २०२१मध्ये १.५. तो अचानक विसरला का? काम बदललं.

खडाखडी

बॉल्टिमोरचा मुद्दा मान्य, वयही धरा त्यात. निकेलचा अर्धाच मान्य. निकेल आलं म्हणून दोन फटी गेल्या नाहीत, त्या दीड झाल्या. प्रशिक्षक विक फँजिओ यांच्या पद्धतीचा बचाव घ्या. दोन्ही सेफ्टी (सगळ्यांत मागचे बचावपटू) खोल ठेवायचे म्हणजे पुढे माणूस एक कमी. फटी सात, माणसं सहा. एक फट कुणाच्या तरी अंगावर पडणारच. ती लाइनमनच्या. त्याने आपली फट आधी बंद करायची, पण खांदा पूर्ण आत घालायचा नाही. धाव पलीकडे वळली की ब्लॉकरच्या अंगावरून मागे पडून पुढची अर्धी फट झाकायची.

जुन्या लाइनमनला सगळ्यांत अवघड हेच जातं असं माझं मत. मुसंडी ठाऊक, ठाण ठाऊक, पण ही मधली अवस्था म्हणजे धड ना घोडा ना गाढव. नेहमीची चूक : पहिल्या पावलाला जास्त आत जातो, मग मागे पडायला जागाच उरत नाही, ब्लॉकर मध्ये असतो. ४-आयमधून खेळताना बाहेरचा हात टॅकलच्या छातीवर राहिलाच पाहिजे. हात सुटला की मागे यायचा रस्ता गेला. हे बसलं तर फळ काय मिळतं ते फँजिओंच्याच फिलाडेल्फियाने फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, दाखवलं : चौघांच्याच जोरावर कॅन्सस सिटीला ४०-२२.

चौथा डाउन

हेन्सवर्थचं राहिलं होतं. टेनेसीत त्याचे लाइन कोच जिम वॉशबर्न. त्यांचा मंत्र आक्रमक, एक फट, क्वार्टरबॅककडे जाता जाता धाव आली तर थांबवा. तिथून आलेल्याला नोजवर ठाण मांडायला सांगणं म्हणजे शर्यतीच्या बैलाला मोटेला जुंपणं. त्याने नाराजी उघड बोलून दाखवली. पण निशिगंधाताईंनी वर मांडलेलं कॅलेंडर त्याला लावून बघा. त्या वसंतातल्या ऐच्छिक सरावांना तो फिरकला नाही. जुलैअखेर कॅम्पमध्ये ३०० यार्डांच्या दोन धावांची चाचणी ठेवली, ती पहिल्या दिवशी पार झाली नाही, आणि पार होईपर्यंत सरावाला परवानगी नव्हती. म्हणजे ठाण शिकायला कॅम्पमध्ये जे पॅडचे दिवस मिळतात, त्यातलेही सुरुवातीचे गेले. पद्धत न मानवणं वेगळं आणि ती शिकायची वेळ हातची जाणं वेगळं. पहिल्यावर कोऑर्डिनेटरला (बचावाची आखणी करणाऱ्या प्रशिक्षकाला) वाट काढता येते, त्याला फक्त पासच्या डाउनला वापरता येतं. दुसऱ्याला कोण काय करणार?

आणि कोऑर्डिनेटरही काही धुतल्या तांदळाचे नसतात. तयार ३-टेक्निक हातात असताना आठवड्यातून वीस स्नॅप तरी त्याला त्याच्या जुन्या जागेवर द्यायला कोणती पद्धत मोडते?

निशिगंधा

एंडचं आणखी एक स्थित्यंतर आहे, ते कुणी घेतलं नाही : हात उचलून उभं राहणं.

४-३च्या एंडला ३-४चा बाहेरचा लाइनबॅकर केलं की तीन-चार प्लेमागे एकदा तरी त्याला मागे जाऊन पास झाकावा लागतो. एरॉन कॅम्पमन ग्रीन बेमध्ये हात टेकून २००६मध्ये १५.५ सॅक काढत होता. २००९मध्ये बचावाचे नवे कोऑर्डिनेटर डॉम केपर्स यांनी ३-४ आणलं, त्याला उभं केलं, आणि गुडघ्याच्या दुखापतीने मोसम संपेपर्यंत ३.५ झाले होते. त्याच केपर्सकडे २०१४मध्ये चौतीस वर्षांचा ज्युलियस पेपर्स आला. तोही जन्मभर हात टेकणारा एंड. त्याचे ७ सॅक, शिवाय २ इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मध्येच झेलणं) आणि दोन्ही थेट टचडाउनला. फरक थोडा अंगकाठीचा, ६ फूट ७ इंच आणि चपळ, पण थोडा वापराचाही : पेपर्सला "एलिफंट" म्हणून कधी उभा, कधी टेकलेला असा ठेवला.

मागे जाताना होणाऱ्या चुका ठरावीक. एक, क्वार्टरबॅककडे पाठ करून धावणे; तिरकं जायचं, छाती आतल्या बाजूला आणि डोळे क्वार्टरबॅकवर. दोन, फार खोल जाणे. आठ-दहा यार्ड पुरे, नाहीतर पुढच्या मोकळ्या जागेत रनिंग बॅकला पाच यार्डांचा आरामात झेल मिळतो. तीन, आणि हीच लाइनमनची खास, मागे जायचं असलं की चेंडू हलण्याआधीच वजन टाचांवर येतं. समोरचा टॅकल तेवढं वाचतो आणि ओरडून सांगतो. म्हणून मागे जायचं असतानाही पहिलं पाऊल पुढे टाकून टॅकलच्या छातीवर हात मारायचा, मग सुटायचं.

रात्रपाळी

भरभरून मिळालं, आभार. एक शंका. लाइनमन जोडीने अदलाबदल करून घुसतात, ते स्टंट. नव्या संघात शेजारी नवा. ते जुळायला किती वेळ लागतो आणि बिघडतं कुठे?

चौथा डाउन

बचावाच्या टॅकल-एंडची अदलाबदल घ्या. टॅकल आधी बाहेर जातो, समोरच्या ऑफेन्सिव्ह टॅकलच्या आतल्या खांद्यावर आदळतो. एंड दोन-तीन पावलं सरळ वर जाऊन बाहेरून येतोय असं भासवतो आणि मग टॅकलच्या पाठीला घासून आत वळतो. बिघडण्याची ठिकाणं तीन. आधी जाणारा फार आडवा गेला, खोली घेतली नाही, तर गार्ड त्याला सहज पुढे सोपवतो आणि एंडची वाट बघत उभा राहतो. एंड घाईने वळला तर गार्डला तो दिसतो. आणि दोघांच्या मध्ये हातभर अंतर राहिलं तर त्या अंतरात गार्डचं डोकं येतं.

जुन्या माणसाची अडचण पावलांच्या हिशोबात. आधीच्या संघात तीन पावलांनी वळायची सवय, नव्या शेजाऱ्याची दोन. दोघेही बरोबर आणि दोघे मिळून चूक. हे पॅडशिवाय, अगदी चालत्या गतीनेसुद्धा बसवता येतं. रोज सरावानंतर दहा मिनिटं पुरतात.

आणखी एक गोम. या अदलाबदलीत एंड आत आला म्हणजे बाहेरची कड टॅकलची झाली. क्वार्टरबॅक बाहेर पळाला तर त्याने अडवायचा. बऱ्याच संघांत या वेळी कड लाइनबॅकर घेतो. तिथून आलेला टॅकल क्वार्टरबॅक दिसला की आत वळतो, आणि पळणारा क्वार्टरबॅक असेल तर पंधरा यार्ड मोकळे.

कट्ट्यावरचा

+१. आणि सूचं उदाहरण पुढेही न्या. टँपाच्या ३-४मध्ये २०१९ला त्याचे सॅक फक्त २.५, पण २०१९ आणि २०२० दोन्ही वर्षी धावेचे सर्वांत कमी यार्ड देणारा संघ तोच. मध्ये विटा वेआ, शेजारी सू. २०२०मध्ये ६ सॅक, वर सुपर बोलमध्ये दीड. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर काढून टाकला असता तर?

टोळभैरव

हे सगळं टीव्हीवर दिसतं कुठे पण? कॅमेरा चेंडूमागे पळतो.

खडाखडी

दिसतं, चेंडू हलण्याआधी बघावं लागतं. महाराष्ट्रात बसलेल्यांसाठी रविवारचे पहिले सामने रात्री साडेदहाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. धागाकर्त्याचं नाव सार्थ आहे.

पहिल्या दोन मालिकांत एकच लाइनमन धरा आणि त्याचे पाय बघा, समांतर की पुढेमागे. मग कोपर. टेकलेल्या हाताचं कोपर ताणलेलं असेल तर भार पुढे आहे, म्हणजे मुसंडी. सैल असेल तर ठाण किंवा मागे जाणं. मागच्या बाजूने दाखवलेला रीप्ले आला की चेंडू विसरून समोरच्या गार्डचं हेल्मेट शोधा. आपल्या माणसाच्या दोन्ही मनगटांच्या मध्ये असेल तर पकड बसली. बगलेखाली किंवा खांद्यापलीकडे दिसलं तर हरला, मग धाव दोन यार्डांत का थांबली असेना. आणि हे चौथ्या क्वार्टरमध्ये पुन्हा बघा, त्याच माणसाचं. सप्टेंबरात बहुतेकांचे पाय तोवर जुन्या संघाचे झालेले असतात.